एकाच पाण्यातले रोगी : काचपेटीतील माशांच्या औषधोपचाराचा इतिहास

(१/२२)
घरातल्या काचपेटीतील माशाच्या अंगावर एके दिवशी मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. दुकानदार निळ्या किंवा हिरव्या द्रवाची बाटली देतो. मोजून थेंब टाकले जातात. त्यानंतर कधी मासा बरा होतो, तर कधी सबंध टाकी रिकामी होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानांतून मासे नेणाऱ्या कितीतरी घरांनी हा अनुभव घेतलेला असेल. या लहानशा बाटलीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात कापड रंगवण्याचे कारखाने आहेत, हिवताप आहे, द्राक्षबागा आहेत आणि एक बापलेकांची जोडीही आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

(२/२२)
आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेऊ. माणसाला ताप आला तर औषध त्याच्या पोटात जाते. शेजारच्या खाटेवरील माणसाला ते मिळत नाही. काचपेटीत मात्र औषध पाण्यात पडते, आणि पाणी सर्वांचे असते. आजारी टेट्रा, धडधाकट गप्पी, तळाशी वावरणारा लोच, गोगलगाय, कोळंबी, पाणवनस्पती आणि गाळणीतले जिवाणू, सगळेच ते औषध घेतात. मिश्र टाकीतील औषधोपचाराचा इतिहास म्हणजे ही एक अडचण हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास होय.

(३/२२)
प्रारंभ लंडनमध्ये होतो. रॉबर्ट वॉरिंग्टन हे तेथील अपॉथेकरीज हॉल या औषधनिर्मिती करणाऱ्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. पाणी न बदलता त्यात मासे जगू शकतील काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एका पात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील आणि दोघांचे चालेल, अशी ही मांडणी होती. १८५० च्या मार्च महिन्यात त्यांनी केमिकल सोसायटीपुढे या प्रयोगाचे निवेदन केले.

(४/२२)
प्रयोग मध्येच बिघडला होता. वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले आणि मासे धोक्यात आले. वॉरिंग्टनांनी पाण्यात कोणतेही रसायन घातले नाही. कुजलेली पाने खाणाऱ्या पाणगोगलगाई त्यांनी आत सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. औषधे बनवणाऱ्या संस्थेतल्या रसायनतज्ज्ञाने टाकीवर केलेला हा उपचार एका सजीवाच्या रूपाने आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढच्या पिढ्यांनी मात्र नेमक्या याच गोगलगाईंना मारणारी औषधे टाकीत ओतली. त्याकडे आपण येऊच.

(५/२२)
यानंतर छंदाला भरती आली. ब्रिटनमधील काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि त्या शब्दाने लोकांच्या बोलण्यात घर केले. दिवाणखान्यात काचपेटी असणे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. त्या पेट्यांमध्ये मासे मात्र भराभर मरत. मासा मेला की टाकीतला ‘समतोल’ ढळला, एवढेच कारण दिले जाई. माशाला स्वतःचा असा रोग असू शकतो, हा विचार अजून घरात शिरलेला नव्हता.

(६/२२)
रोग तर होतेच. नदीतल्या माशाच्या अंगावर एखादा परजीवी असला तरी त्याची पिल्ले वाहत्या पाण्यात विखुरतात आणि बहुतेक उपाशी मरतात. काचपेटीत त्यांना विखुरायला जागाच नसते. त्यातच चीनचा गोल्डफिश, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला नीऑन टेट्रा आणि सुमात्रा-बोर्निओचा क्लाउन लोच निसर्गात कधी एकमेकांसमोर आलेले नसतात. मिश्र टाकीत ते एकाच पाण्यात श्वास घेतात. एकाने आणलेला परजीवी काही दिवसांत सर्वांचा होतो.

(७/२२)
पांढऱ्या ठिपक्यांचा गुन्हेगार सूक्ष्मदर्शकाखाली सापडला तो १८६९ मध्ये. हॅम्बुर्ग येथील हिल्गेनडॉर्फ आणि पाउलिकी या दोघांनी गोड्या पाण्यातील माशांच्या त्वचेवर जगणाऱ्या एकपेशीय जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८७६ मध्ये फुके या फ्रेंच संशोधकाने त्याचे शास्त्रीय नामकरण केले : इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. ग्रीक आणि लॅटिन शब्दांची ही जुळणी मराठीत आणायची तर ‘माशांवरची लेकुरवाळी ऊ’ असे म्हणता येईल. जगभरचे छंदिष्ट त्या लांबलचक नावाचे ‘इक’ करून मोकळे झाले आहेत.

(८/२२)
‘लेकुरवाळी’ हे विशेषण नेमके आहे. हा जीव माशाच्या वरच्या त्वचेखाली शिरतो, तेथेच खाऊन वाढतो आणि डोळ्यांना पांढरा ठिपका म्हणून दिसू लागतो. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती चिकट कोश विणतो आणि आत विभागत राहतो. एका कोशातून काहीशे, कधी हजारापर्यंत पिल्ले बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. तो न मिळाल्यास ती मरतात.

(९/२२)
उपचाराचे सारे मर्म या चक्रात आहे. त्वचेखालचा ठिपका माशाच्याच कातडीने झाकलेला असतो. पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. कोशातल्यालाही कवच असते. उघड्यावर सापडते ते फक्त तरणारे पिल्लू. म्हणून पहिल्या दिवशी औषध घालून ठिपके गेले नाहीत, याचा अर्थ औषध निकामी आहे असा होत नाही. तसेच ठिपके गळून पडले म्हणजे रोग गेला असेही नाही, कारण तेव्हा तळाशी कोश तयार होत असतात. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. दहा अंशांच्या थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. औषध पुन्हा कधी द्यावे आणि किती दिवस चालू ठेवावे, हे पाण्याचे तापमान ठरवते.

(१०/२२)
आता एक योगायोग पाहा. फुके यांनी परजीवीचे नामकरण केले त्याच १८७६ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीत हाइनरिश कारो यांनी एक निळा रंग तयार केला. हा रंग कापडासाठी होता. त्याचे नाव मेथिलीन ब्लू. रोगाचे नाव आणि पुढे त्यावर वापरला जाणारा रंग एकाच वर्षी जगात आले, पण त्यांची गाठ पडायला बरीच वर्षे जावी लागली. मधली वाट माणसाच्या हिवतापातून गेली.

(११/२२)
पाउल एर्लिख या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाला रंगांचे वेड होते. काही रंग काही पेशींनाच धरतात आणि बाकीच्यांना सोडून देतात, हे त्याने पाहिले. मेथिलीन ब्लू हिवतापाच्या परजीवीला रंगवतो. मग जो रंग परजीवीला धरतो, तो त्याला मारूही शकेल काय? १८९१ मध्ये एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना हा रंग दिला. दोघांच्याही प्रकृतीत सुधारणा झाली. कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम रंगाने माणसाच्या रोगावर उपचार करण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

(१२/२२)
दरम्यान माशांच्या रोगांचे स्वतंत्र शास्त्र उभे राहत होते. म्युनिकच्या ब्रूनो होफर यांनी १९०४ मध्ये मत्स्यरोगांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छंदिष्टांच्या हाती मेथिलीन ब्लू आणि क्विनीन आले. दोन्ही हिवतापाची औषधे. ही उसनवारी अंदाजाने झाली असली तरी तिच्यामागे एक नाते होते, हे पुढे कळले. हिवतापाचा परजीवी आणि माशांवरची ही ‘ऊ’ यांना आजचे वर्गीकरण अ‍ॅल्व्हिओलाटा या एकाच मोठ्या गटात ठेवते. ते एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत.

(१३/२२)
एर्लिखच्या कल्पनेला पुढे ‘जादूची गोळी’ असे नाव पडले. शत्रूला नेमकी लागावी आणि यजमानाला स्पर्श करू नये, अशी ती गोळी. माणसाच्या बाबतीत यजमान एकच असतो. मिश्र टाकीत यजमान डझनभर, तेही वेगवेगळ्या जातींचे. एका माशाला सहज सोसणारी मात्रा दुसऱ्याचे विष ठरते. जादूच्या गोळीची खरी कसोटी पाहायची असेल तर अशा टाकीसारखी दुसरी जागा मिळणे कठीण.

(१४/२२)
हिरव्या बाटलीची गोष्टही अशीच. मॅलॅकाइट ग्रीन हा रंग १८७७ च्या सुमारास जर्मनीत तयार झाला, तोही रेशीम, कातडी आणि कागद रंगवण्यासाठी. मॅलॅकाइट या हिरव्या खनिजासारखा दिसतो म्हणून ते नाव पडले. त्या खनिजात तांबे असते, या रंगात मात्र तांबे नाही. १९३६ मध्ये अमेरिकी मत्स्यबीज केंद्रांतून माशांवरच्या आणि अंड्यांवरच्या बुरशीसाठी त्याचा उपयोग नोंदवला गेला. १९७२ मध्ये मेयर व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की फॉर्मालिन आणि मॅलॅकाइट ग्रीन एकत्र दिले तर पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर अधिक प्रभावी ठरतात. दुकानांत मिळणारी अनेक औषधे या जोडीचीच वंशज आहेत.

(१५/२२)
आणि येथेच मिश्र टाकीची अडचण उघडी पडली. जावामध्ये डच लष्करात डॉक्टर असलेल्या पीटर ब्लेकर यांनी १८५२ मध्ये एका नारिंगी-काळ्या पट्ट्यांच्या माशाचे वर्णन केले होते. तोच आजचा क्लाउन लोच. पांढरे ठिपके टाकीत सर्वांआधी बहुधा याच्यावर दिसतात, आणि मॅलॅकाइट ग्रीन व तांबे यांची पूर्ण मात्रा सोसण्याची ताकदही याच्यातच कमी असते. ज्याला औषध सर्वाधिक हवे त्यालाच ते सर्वाधिक बाधते. त्यामुळे लोच आणि कित्येक कॅटफिश असलेल्या टाकीत मात्रा निम्मी ठेवून उपचाराचे दिवस वाढवण्याचा प्रघात पडला.

(१६/२२)
तिसरे औषध आपल्या ओळखीचे आहे : मोरचूद. फ्रान्समधील बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण द्राक्षांवरील केवडा रोगावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला बोर्डो मिश्रण समजावून सांगावे लागत नाही. हेच मोरचूद इजिप्तमध्ये बिल्हार्झिया रोग पसरवणाऱ्या गोगलगाई मारण्यासाठी कालव्यांत वापरले गेले. म्हणजे मोरचूद बुरशी मारते, परजीवी मारते आणि गोगलगाईही मारते. ज्या टाकीत गोगलगाय किंवा कोळंबी आहे, तिच्यात तांब्याचे औषध ओतणे म्हणजे वॉरिंग्टनांच्या मदतनिसांना मृत्युदंड देणे होय. शिवाय मृदू पाण्यात तांबे अधिक विषारी ठरते. कठीण पाण्यात त्याचा जोर ओसरतो. तीच बाटली आणि तेच थेंब, पण दोन गावांच्या पाण्यात परिणाम निराळे.

(१७/२२)
निदानाचा प्रश्नही लहान नव्हता. १९३१ मध्ये ब्राउन या संशोधिकेने समुद्री माशांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर जगणाऱ्या एका वेगळ्याच परजीवीचे वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात केले. त्याच्या वर्गातील गोड्या पाण्यातल्या परजीवीमुळे माशावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखा लेप दिसतो. छंदिष्ट त्याला मखमली रोग म्हणतात. ठिपके थोडे मोठे की बारीक, पांढरे की पिवळसर, एवढ्याशा फरकावर औषध बदलते. कापसासारखी बुरशी निराळी, जिवाणूंनी कुरतडलेले पर निराळे. ‘मासा आजारी आहे’ एवढ्या माहितीवर ओतलेले औषध बहुधा चुकीचे ठरते, आणि त्याची किंमत टाकीतले निरोगी मासेही मोजतात.

(१८/२२)
आता सांगितलेली बापलेकांची गोष्ट. वॉरिंग्टनांच्या मुलाचे नावही रॉबर्टच. हा धाकटा वॉरिंग्टन कृषिरसायनतज्ज्ञ झाला आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात मातीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते, याचा अभ्यास त्याने केला. हे काम सूक्ष्मजीव करतात आणि ते दोन टप्प्यांत होते, अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून नायट्रेट, हे त्याने दाखवले. ते जिवाणू वेगळे काढण्याचे यश मात्र १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांना लाभले.

(१९/२२)
वडिलांनी समतोलाचे श्रेय वनस्पती आणि गोगलगाई यांना दिले होते. मुलगा जो अभ्यास मातीत करत होता, तीच प्रक्रिया वडिलांच्या पात्रातही चालत असली पाहिजे. माशांची विष्ठा आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे विष आहे. गाळणीतले जिवाणू ते पचवतात म्हणून मासे जगतात. प्रतिजैविके आणि मेथिलीन ब्लू यांच्या माऱ्यात हे जिवाणूही सापडतात. मग ठिपके नाहीसे होतात, परंतु चार दिवसांनी अमोनिया वाढून मासे गुदमरतात. मासे रोगाने गेले असे घरचे समजतात. अशा कित्येक टाक्या प्रत्यक्षात उपचाराने रिकाम्या झालेल्या असतात.

(२०/२२)
रसायनांशिवायचे मार्गही पूर्वीपासून होते. मासे रोज स्वच्छ पात्रात हलवले की तळाशी पडलेले कोश जुन्याच पात्रात मागे राहतात आणि पिल्लांना यजमान मिळत नाही. मीठ हा तर घरगुतीच उपाय. पण काही कॅटफिश आणि बऱ्याच पाणवनस्पती ते फार सोसत नाहीत. पाणी तीस अंशांपर्यंत तापवले की परजीवीच्या पुष्कळ वाणांची वाढ खुंटते. मात्र वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसातच. म्हणून तापमान वाढवताना हवेचा पंप जोरात चालवावा लागतो, आणि थंड पाण्याच्या गोल्डफिशला हा उपाय मानवत नाही. पाण्याचा स्वभाव येथेही सुटत नाही.

(२१/२२)
सर्वांत जुना उपाय तर मत्स्यालयाच्याही आधीचा. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, या बंदराने प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसच्या भाषेतील ‘चाळीस दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द रूढ झाला. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा त्याच विचाराचा घरगुती अवतार. वेगळ्या टाकीचा दुसरा लाभ मोठा आहे : तेथे पाणी एकट्या रोग्याचे असते, त्यामुळे मात्रा त्याच्या जातीप्रमाणे ठरवता येते. मात्र पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात मुख्य टाकीही संसर्गित झालेली असते. म्हणून एकच आजारी मासा बाजूला काढून भागत नाही. मुख्य टाकीत मासे उरले असतील तर परजीवीचे चक्र तेथेही चालूच राहते.

(२२/२२)
मॅलॅकाइट ग्रीनचा अखेरचा अध्याय सांगून थांबतो. हा रंग माशाच्या मांसात दीर्घकाळ टिकतो आणि त्याच्या कर्करोगकारकतेविषयी गंभीर शंका उभ्या राहिल्या. त्यामुळे युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी तो निषिद्ध ठरला. शोभेच्या माशांच्या बाटलीत तो अजून भेटतो. तेव्हा ती हाताळताना हातमोजे घालावेत आणि त्या टाकीतले मासे खाण्यात येऊ देऊ नयेत.

या साऱ्या इतिहासातून उपचाराचा एक क्रम हाती लागतो. आधी पाण्यातला अमोनिया तपासावा, कारण बिघडलेले पाणी रोगासारखेच दिसते. मग रोग ओळखावा. टाकीत कोणकोण आहे त्याची यादी करून सर्वांत नाजूक जिवाला सोसेल ती मात्रा धरावी. गाळणीतला सक्रिय कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. आणि ठिपके गेल्यावरही परजीवीचे चक्र पुरे होईपर्यंत उपचार थांबवू नयेत. रंग १८७६ पासून उपलब्ध होता. तो केव्हा आणि कोणाला द्यावा हे कळायला जीवनचक्राचा आणि जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या माणसांचे कित्येक दशकांचे कष्ट लागले. ते कष्ट बाटलीवरच्या चिठ्ठीत मावत नाहीत, म्हणून हा धागा. घरी काचपेटी असलेल्या मित्रमैत्रिणींपर्यंत तो अवश्य पोहोचवा.